बेलरीवचं मागचं फाटक

आयर्लंडहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी कराडात जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" समुद्रावरचे उंच कडे पाहिले, हिरवी कुरणं पाहिली, मेंढ्या पाहिल्या, पाऊस तर रोजच पाहिला. पण खरं सांगायचं तर तिथून मी सगळ्यांत जास्त काय आणलं असेल तर तो संताप. चॉकलेटं वाटून संपली, संताप अजून तसाच आहे. तो कुठे आणि कसा उठला ते लिहून ठेवते. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर निदान पुढच्या दाराने आत शिरून, छताकडे माना वर करून बघून, केक खाऊन परत येऊ नये एवढीच इच्छा.

मी उषा. उभी हयात दिवाणी वकिलीत गेली, आणि तीही बांध, सामाईक विहिरी आणि वहिवाटीचे रस्ते यांत. फौजदारीवाले मित्र माझी थट्टा करायचे, "उषाताई, तुमच्या दाव्यातली म्हैस म्हातारी होऊन मरते, पण निकाल लागत नाही." करू देत. शेतात जायचा रस्ता कुणी अडवला की चांगला शहाणा माणूस कसा वेडापिसा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून पुढची गोष्ट मला लागली तशी ती दुसऱ्या कुणाला लागली नसती.

ॲडम्सटाउन

केतकी माझी मुलगी, अनिरुद्ध जावई. दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांचं घर डब्लिनच्या बाहेर ॲडम्सटाउनला, रेल्वे स्टेशनाला लागून नव्याने वसवलेल्या गावात. गाव आखीव आहे, स्वच्छ आहे, आणि सगळी घरं एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात मी फिरून आले आणि बिनदिक्कत दुसऱ्याच दाराला किल्ली लावून खटखट करत बसले. दार उघडलं ते नागपूरच्या एका काकूंनी. त्यांनी मला आत नेऊन चहा पाजला आणि म्हणाल्या, "अहो, इथे सगळ्यांचंच असं होतं."

पण मला खरा धक्का बसला तो लेकी-जावयाच्या सभ्यपणाचा. ही केतकी लहानपणी एसटीत खिडकीची जागा कंडक्टरने सांगितलं तरी सोडायची नाही. आता ती कुकर लावण्याआधी शेजाऱ्यांना मेसेज करते, शिट्ट्यांचा त्रास तर होत नाही ना म्हणून. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी, बागेत ओवा लावायचा तरी परवानगी. अनिरुद्ध तर दारात कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी स्वतःच "सॉरी" म्हणतो. मुलीला चार शब्द सुनावता येतात, जावयाला नाही. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला झेपत नाही, हे कोर्टातला शिपाईसुद्धा सांगेल.

दोन घरं सोडून नोरीनबाई राहायच्या, त्यांच्या लेकीकडे. ऐंशीच्या घरातल्या, खुब्याने दगा दिलेला, हातात काठी, जीभ मात्र तरतरीत. मी आल्याचं कळल्यावर त्या ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांचा, तिकडे 'पाय' म्हणतात तो भाजलेला गोड पदार्थ घेऊन आल्या. मी थालीपीठ केलं. त्यांनी त्याच्यावर लोणी लावलं ते ठीक, वर स्ट्रॉबेरीचा जॅम लावला आणि म्हणाल्या, "ग्रँड!" तिथे बरं असलं, ठीक असलं, मरता मरता वाचलं, तरी ग्रँडच म्हणतात. मी जॅमकडे काणाडोळा केला. त्यांचं इंग्रजी मला सुरुवातीला निम्मंच कळायचं, उरलेलं हातवाऱ्यांवरून. पण आमची गट्टी जमली.

एका दुपारी मी त्यांना माझ्या दाव्यांच्या गमती सांगत होते. एकाच्या शेतातून दुसऱ्याची बैलगाडी पिढ्यान्‌पिढ्या जाते. मग एक दिवस नवा मालक येतो आणि चर खणतो. नोरीनबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्याकडेही आहे हे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तिथून मोटारीने दीड-दोन तासांवर, देशाच्या ऐन मध्यावर, बेलरीव नावाची एक हवेली आहे. अठराव्या शतकातली, थेट फ्रेंच उमरावांच्या थाटाची. गावकरी तिला नुसतं 'बिग हाउस' म्हणतात. त्या हवेलीसमोर एके काळी किलब्रीन नावाचं गाव होतं. नोरीनबाईंच्या आईकडची माणसं तिथली. गाव साहेबाने उठवलं. उरलं ते पडकं चर्च आणि त्याच्याभोवतीची दफनभूमी, हवेलीच्या आवाराच्या आत. उठवलेल्या गावाची माणसं तरीही आपली प्रेतं तिथेच आणून पुरत राहिली. मागच्या रस्त्याला एक लोखंडी फाटक, तिथून झाडांमधून एक पायवाट. नोरीनबाईंचे आजी-आजोबा त्याच वाटेने गेले.

"दर वर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी कबरींचा दिवस असतो आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "गवत काढायचं, दगड धुवायचे, फुलं लावायची, प्रार्थना म्हणायची. माझा भाऊ पॅडी जायचा. नन्सची शाळा होती तिथे तेव्हा फाटक उघडं असायचं. मग हॉटेलवाल्यांनी घेतलं आणि कुलूप घातलं. पॅडी कुलपाला न जुमानता बाजूच्या भिंतीवरून जायचा. पंच्याहत्तर वर्षांचा होता! ज्या वाटेने शवपेटी गेली ती वाट कुणाच्या बापाला बंद करता येत नाही, असं आमच्यात म्हणतात. पण पाय पडत राहायला हवेत. या हिवाळ्यात पॅडी गेला, उषा. माझा खुबा हा असा. आता तिथे बायकांची मालिश करायला इमारत बांधणार आहेत, वाटेवरच. या वर्षी कुणीच गेलं नाही तर संपलं."

"याला आमच्याकडे वहिवाट म्हणतात," मी म्हटलं. "तुम्ही जाणार. मी येते बरोबर."

तिथल्या कायद्याचं मला ओ की ठो कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण वापराने हक्क टिकतो हे शहाणपण काही एका देशाच्या मालकीचं नाही. गाडीचा प्रश्न होता. अनिरुद्धला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "आई, मी नेतो ना. काही काळजी करू नका, मी सगळं बघतो." माझ्या जावयाचं मन मोठं आहे, हे मी आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर कडाडणार आहे.

पुढचं दार

केतकीला त्या रविवारी ऑफिसचं काम निघालं, म्हणून आम्ही तिघंच निघालो. मी धपाटे आणि लसणाची चटणी बांधून घेतली, नोरीनबाईंनी हॅमची सँडविचेस. त्यांच्या मांडीवर बेगोनियाच्या लाल फुलांची कुंडी, पिशवीत खुरपं आणि घासायचा ब्रश. माझ्या माहेरी सर्वपित्रीला निघालेल्या बायकांच्या चेहऱ्यावर असायचा तसला गंभीर भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. वाटेत एका पेट्रोलपंपावर आम्ही चहा घेतला. तो इतका कडक होता की मला कराड आठवलं.

हवेली जवळ आल्यावर अनिरुद्धने गाडी दगडी खांबांच्या भल्या मोठ्या कमानीतून आत घातली.

"फाटक मागच्या रस्त्याला आहे," नोरीनबाई म्हणाल्या.

"सरप्राइज आहे," अनिरुद्ध हसून म्हणाला.

आत काळ्या कोटातली एक मुलगी गोड हसत उभी होती. तिने आमची नावं विचारली, तिघांना छातीवर लावायला गोल चिकटपट्ट्या दिल्या, त्यांवर सोनेरी अक्षरांत 'गेस्ट', आणि म्हणाली, "हवेलीची टूर आत्ता सुरू होतेय. नंतर दफनभूमी बघायची तुमची विनंती आमच्या मॅनेजरसाहेबांनी आनंदाने मान्य केलीय. बग्गीतून नेतील तुम्हाला."

नोरीनबाईंचा हात ती पट्टी कोटाला लावता लावता थांबला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. या सभ्य मुलाने फोन करून, अदबीने, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून, परवानगी मागितली होती! मी तोंड उघडणार एवढ्यात नोरीनबाईंनी माझं कोपर दाबलं.

"असू दे. पोराने मनापासून केलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मला एकदा आतून बघायचंय. माझी आई इथे धुणी धुवायची. पुढच्या दाराने ती कधी आली नाही."

मग काय, गेलो आत.

आम्हाला फिरवणारा तरुण गळ्याला बो लावून आला होता आणि त्याचा आवाज तुपात घोळलेला होता. नोरीनबाई त्याला 'युअर मॅन' म्हणाल्या. तिकडे कुणाही तिसऱ्या माणसाला असंच म्हणतात, तो आपला कुणीच नसला तरी. तर या युअर मॅनने हवेलीचा इतिहास सांगायला सुरुवात केली, आणि माझा पारा एकेक खोलीगणिक चढत गेला.

घराण्याचा मूळ पुरुष फ्रेंच. पंथ प्रोटेस्टंट, म्हणून फ्रान्सच्या राजाने घरदार काढून घेऊन त्याला देशोधडीला लावलं. पाठीवरच्या कपड्यांनिशी तो पळाला, इंग्रजांच्या फौजेत शिरला, आणि बक्षीस म्हणून त्याला आयर्लंडमधली जमीन मिळाली. कुणाची जमीन, हे युअर मॅनने सांगितलं नाही. इथवर मला त्या माणसाची कणव आली. आपलं गाव सोडून पळावं लागणं काय असतं! मग त्याचा नातू तरुणपणी फ्रान्सला हिंडून आला, तिथल्या सरदार-दरकदारांच्या हवेल्या बघून हरखला, आणि आजोबाचं साधं घर पाडून त्याने हे उभं केलं. हे बघा सोनेरी चौकटीतले आरसे. हा बघा हाताने रंगवलेला भिंतीचा कागद, त्यावर पोपट आणि डाळिंबं. हे बघा छतावरचं चुन्याचं काम, द्राक्षांचे घोस, गुबगुबीत देवदूत. सगळं अगदी फ्रेंच.

"म्हणजे ज्यांनी आजोबाला हाकललं, त्यांच्याच घरांची नक्कल केली?" मी विचारलं.

"इंटरेस्टिंग पॉइंट," युअर मॅन म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला.

ती पुढची खोली म्हणजे दिवाणखाना. तिथे जमिनीपासून छतापर्यंत एक खिडकी. बाहेर हिरवीगार उतरण, मध्ये चांदीसारखं तळं, पलीकडे झाडांची राई. माणसाचा मागमूस नाही. बरोबरच्या पर्यटकांनी एका सुरात उसासे टाकले.

"या खिडकीसाठी त्यांनी दृश्य मोकळं केलं," युअर मॅन म्हणाला. "फ्रान्सहून खास माळी आणला होता."

"मोकळं केलं म्हणजे? तिथे काय होतं?" मी विचारलं.

"काही जुनी वस्ती होती."

"किती घरं? त्यांतली माणसं कुठे गेली?"

"त्यांची दुसरीकडे सोय करण्यात आली."

"कुठे?"

उलटतपासणीत साक्षीदार जसा पाण्याच्या ग्लासाकडे बघतो तसा तो आरशाकडे बघायला लागला.

"बॉगवर," नोरीनबाई मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "काळी दलदल. तिथे बटाटा धड येत नाही. चर्च पाडलं नाही, कारण फ्रेंच माळी म्हणाला पडकं चर्च चित्रात शोभतं. आणि आमच्या प्रेतयात्रा बाईसाहेबांना दिसू नयेत म्हणून ती झाडं लावली."

उसासे टाकणाऱ्यांपैकी एकाने तेवढ्यात फोटो काढला, खिडकीचा.

मला बोलायचंच आहे, म्हणून बोलते. आपण काही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्याकडेही मोठ्या घरांना मागची दारं होती, पाणवठे वेगळे होते, कुणी कुठून यायचं ते ठरलेलं होतं, आणि अजूनही पुष्कळ गावांत ठरलेलं आहे. त्या गोष्टी मी कोर्टात नावानिशी ऐकल्या आहेत. पण स्वतः परागंदा झालेल्याच्या नातवाने, जेवताना दृश्य चांगलं दिसावं म्हणून, अख्खं गाव चिखलात ढकलावं? आणि त्याचं वर्णन आज एका गोऱ्यागोमट्या पोराने "दृश्य मोकळं केलं" असं करावं, आणि आम्ही माना डोलवाव्यात?

शेवटी तळघरातलं भुयार दाखवलं. धुणी, कोळसा, दूध घेऊन नोकरांनी हिरवळीवरून चालत गेलेलं त्या खिडकीतून दिसू नये, म्हणून जमिनीखालून त्यांच्यासाठी वाट खणली होती. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, छत डोक्याला टेकेल इतकं खाली. आता तिथे मेणबत्त्या लावून बाटल्या मांडल्या आहेत.

"इथे आम्ही उत्तम फ्रेंच वाइनची चव देतो," युअर मॅन म्हणाला.

नोरीनबाईंनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही तळवे भिंतीला लावले. "आई सांगायची, हिवाळ्यात छत गळायचं. धुतलेल्या चादरी इथून नेताना पुन्हा डागाळायच्या. मग पुन्हा धुवायच्या." त्यांनी हात कोटाला पुसले. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम.

हिरवळ

बाहेर पांढरी बग्गी तयार होती, गोल्फच्या मैदानावर असते तसली. युअर मॅनने नोरीनबाईंना हात दिला. त्यांनी एक पाय उचललाही.

"थांबा," मी म्हटलं. आणि जावयाकडे वळून मराठीत सुरू झाले. "जावईबापू, तुम्ही काय करून ठेवलंत हे?"

"काय झालं, आई?" अनिरुद्ध खरंच गोंधळला होता. "त्यांनी लगेच हो म्हटलं. आजींना चालावं पण लागणार नाही."

"तेच तर! आमच्या कोर्टात माझे एक अशील होते, शिदूआबा. तीन पिढ्या त्यांची गाडी शेजाऱ्याच्या रानातून जायची. दावा उभा राहिला, साक्षीदार पक्के, मी निर्धास्त. आणि आबा पडले देवमाणूस. पेरणीच्या दिवसांत चार माणसांसमोर शेजाऱ्याला हात जोडून म्हणाले, 'दादा, तेवढी गाडी नेऊ का?' तो म्हणाला, 'न्या की.' झालं! ज्याला विचारावं लागतं तो हक्क नसतो, ती मेहेरबानी असते. दावा गेला. आज मेहेरबानी म्हणून बग्गीतून नेतील. पुढच्या वर्षी म्हणतील, यंदा जमत नाही. मग काय बोलणार तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आई, तुम्ही पुढच्या महिन्यात परत जाल. मला इथे राहायचंय. नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. कुणी तक्रार केली, पोलीस आले, तर आजींना कुणी काही म्हणणार नाही. मला म्हणतील. केतकीला म्हणतील. म्हणून मी सगळं विचारून करतो. हौस म्हणून नाही."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्याला नुसता गुळमुळीत समजत होते. त्याच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. तरी माझा राग उतरला नाही, फक्त त्याच्यावरून उठून जिथे हवा तिथे जाऊन बसला.

"तुम्ही दोघं माझ्यावरूनच भांडताय ना?" नोरीनबाईंनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ही पट्टी हातात दिली तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, पोराचं मन मोडायला नको." मग त्यांनी कोटावरची पट्टी सोलून काढली, नीट दुमडली आणि युअर मॅनच्या हातात दिली. "थँक्स, बाळ. ही नको मला. माझ्या आजीकडे मी पाहुणी नाही."

मीही माझी काढून दिली. अनिरुद्धने आमच्याकडे पाहिलं, बग्गीकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली काढली. त्याची पट्टी छातीवर तशीच होती.

मागचा रस्ता

आवाराच्या भिंतीला वळसा घालून आम्ही मागच्या रस्त्याला आलो. फाटक सापडलं ते झुडपांत जवळजवळ बुडालेलं. गंजलेल्या सळ्या, त्यांवर नवीकोरी साखळी, 'खासगी मालमत्ता' असा फलक. बाजूच्या भिंतीतून तीन दगड पायऱ्यांसारखे पुढे आलेले. जनावरं आत जाऊ नयेत पण माणसाला जाता यावं म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही सोय. पायऱ्यांभोवती नेटल माजलं होतं. हे नेटल म्हणजे आपल्या खाजकुइलीसारखं तण, लागलं की आग आग होते.

मी पदर खोचला, साडी वर धरली आणि नोरीनबाईंच्या काठीने ते झोडपायला लागले. तेवढ्यात आतल्या बाजूने बग्गीचा आवाज आला. युअर मॅन होता. बो सुटलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"अहो, त्या पडतील!" तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं तूप पार उतरलं होतं. "थांबा, मी उघडतो फाटक. काही हरकत नाही. माझी परवानगी आहे."

पोरगा वाईट नव्हता. पण ती परवानगी पुन्हा आली होती, या वेळी किल्लीसकट.

नोरीनबाई फाटकाच्या सळीला धरून उभ्या राहिल्या. "तू उघड, नाहीतर नको उघडू," त्या म्हणाल्या. "मी विचारत नाहीये."

तो किल्ली हातात घेऊन तसाच राहिला. उघडावं तर काय, न उघडावं तर काय, हे कुठल्याच प्रशिक्षणात त्याला शिकवलं नसणार. मी त्याच्याकडे बघत होते, म्हणून अनिरुद्ध कधी पुढे आला ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा तो पहिल्या दगडावर चढला होता. छातीवरची पट्टी नव्हती. त्याने हात पुढे केला.

"या, नोरीन. डावा पाय आधी."

खुब्याने फार त्रास दिला. अनिरुद्धने वरून धरलं, मी खालून रेटलं, आणि म्हाताऱ्या बाईला ढकलताना जेवढी बेअदबी होते तेवढी सगळी झाली. त्या वर भिंतीवर बसून दम खात होत्या आणि हसत होत्या. मी चढताना माझ्या पोटऱ्यांना नेटल चाटून गेलं आणि मी कराडी भाषेत जे बोलले ते इथे लिहीत नाही. युअर मॅनने किल्ल्या खिशात टाकल्या, आमच्याकडे पाठ केली आणि झाडांवरचे कावळे बघत उभा राहिला. तेवढं त्याने चांगलं केलं.

पलीकडे उतरल्यावर नोरीनबाईंनी गवतातून एक रुंद पान तोडलं, डॉकचं, आणि माझ्या पोटरीवर चोळलं. "नेटल जिथे उगवतं तिथेच हेही उगवतं," त्या म्हणाल्या. आग खरंच कमी झाली.

दफनभूमी म्हणजे चार भिंती उरलेलं चर्च आणि गवतात बुडालेले दगड. बहुतेकांवर नावं नाहीत, शेतातले साधे धोंडे उभे केलेले. आजी-आजोबांच्या दगडाशी नोरीनबाई खाली बसू शकल्या नाहीत, म्हणून खुरपं मी घेतलं आणि घासायचा ब्रश अनिरुद्धने. बेगोनिया लावली. त्यांनी प्रार्थना म्हटली. मी दगडावर पाणी घातलं, कारण मला तेवढंच येतं. मग भिंतीवर बसून आम्ही धपाटे खाल्ले, आणि नोरीनबाईंनी चटणीला तोंड लावल्यावर त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी पितरांचं की लसणाचं ते मी विचारलं नाही. त्या झाडांमुळे तिथून हवेली अजिबात दिसत नव्हती. मला फार बरं वाटलं.

परतताना गाडीत अनिरुद्ध म्हणाला, "आई, सॉरी." तो सगळ्यांनाच सॉरी म्हणतो, पण हे निराळं होतं. मी म्हटलं, "मीच जास्त बोलले." जावयाला एवढं म्हणायलाही माझ्या जिभेला जड गेलं.

हे सगळं गेल्या वर्षीचं. मध्ये नोरीनबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या अजून वॉकर घेऊन दिवाणखान्यातच फेऱ्या मारतात. जुलै जवळ आला तसा मला इथे कराडात चैन पडेना. यंदाही कुणीतरी त्या वाटेने जायला हवं, हे दुसऱ्याच्या जावयाला सांगणं सोपं, आपल्या जावयाला कसं सांगू? त्याच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नव्हतं, हे केतकीकडून मला कळत होतं. मी फोन करून काही बोलले नाही.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला. मागे नोरीनबाईंचा आवाज ऐकू येत होता. त्या कुणाला तरी "ग्रँड, ग्रँड" म्हणत होत्या.

"आई, केतकी आणि मी जाऊन आलो," अनिरुद्ध म्हणाला. "बेगोनिया मेली होती, नवीन लावली. साखळी तशीच आहे. नेटल पण आहे."

"गाडी कुठे लावलीत?"

"मागच्या रस्त्याला."

"आणि विचारलंत कुणाला?"

"कुणालाच नाही, आई."